तार तुटते कोठे?

चंडीगडला राहावयास येऊन आम्हाला अकरा वर्षे झाली. साताऱ्याच्या चढउतारांच्या, वळणावळणांच्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला या शहराची आखणी प्रथम जरा परकी वाटते. ल कॉर्बूझिए याने १९५१ साली योजलेले हे नगर. प्रत्येक सेक्टर सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब, आणि त्याला नावाऐवजी आकडा. माझे बरेचसे येणेजाणे चौतीस क्रमांकाच्या सेक्टरमध्ये असते. पासपोर्टाचे कार्यालय तेथे, गुरुद्वारा तेथे, प्रदर्शनाचे मैदान तेथे, आणि मुलामुलींना परीक्षांसाठी तयार करणारे शिकवणीचे वर्गही तेथेच. आमचे चिरंजीव बारावीला असल्यामुळे गेल्या हिवाळ्यात माझी रोज एक फेरी तेथे होत असे. त्याच फेऱ्यांत मला एका अगदी क्षुल्लक वस्तूविषयी जे शिकावयास मिळाले, ते आज सांगावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे फोनच्या चार्जरची वायर.

वस्तू क्षुल्लक खरी. पण तिच्यापायी मी जन्मभर विसरणार नाही अशी एक सकाळ माझ्या वाट्याला आली.

जानेवारीतले दिवस होते. बाहेर समोरचा दिवा दिसू नये असे दाट धुके. यजमान फिरतीवर गेलेले, आणि मुलाचा फोन परीक्षा होईपर्यंत बंद करून कपाटात ठेवलेला. रात्री मी नेहमीप्रमाणे अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर काहीबाही वाचले, वायर लावलेलीच होती, आणि पडद्यावरचे विजेचे चिन्ह पाहून निश्चिंत झोपले. सकाळी जाग आली तो पावणेआठ वाजलेले. गजर झालाच नव्हता. फोन निपचित पडला होता. दुसऱ्या वायरीवर लावून तो जागा केला, तेव्हा भावाचे निरोप एकापाठोपाठ एक येऊ लागले. रात्री साडेदहाला अण्णा न्हाणीघरात घसरून पडले होते. खुब्याचे हाड मोडले होते. सकाळी शस्त्रक्रिया ठरली होती, आणि आत नेण्यापूर्वी त्यांनी दोनदा विचारले होते, "माईचा फोन लागला का रे?"

मी फोन केला तेव्हा त्यांना आत नेऊन दहा मिनिटे झाली होती.

पुढचे तीन तास कसे गेले ते लिहीत नाही. अण्णा सुखरूप बाहेर आले, आज काठी घेऊन अंगणात फिरतात. पण ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने भीतीच्या क्षणी आपल्याला हाक मारावी आणि दीड वीत वायरीने ती अडवावी, ही खंत सहज जाणारी नव्हती. वायर रागाने केराच्या टोपलीत टाकली. मग उचलून पर्समध्ये ठेवली. ती का मेली हे मला समजून घ्यावयाचे होते.

चौतीस सेक्टरातील ज्या इमारतींत खाली दुकान आणि वर कचेरी असते, त्यांपैकी एकीच्या जिन्याखाली फोन दुरुस्त करणारा एक तरुण सरदारजी बसतो. त्याच्यापुढे वायर ठेवली. "आंटीजी, ही दुरुस्त करण्यापेक्षा नवी घ्या," तो म्हणाला. "घेते बेटा, पण हिला झाले काय ते आधी दाखव." त्याला मौज वाटली असावी. त्याने पात्याने पिनेपासून बोटभर अंतरावरचे आवरण उभे चिरले आणि भिंग माझ्या हाती दिले. आत केसासारख्या तांब्याच्या तारांचा पिळा होता. बहुतेक तारा एकाच रेषेत तुटलेल्या. दोन-तीनच काय त्या धड. बाहेरून पाहिले तर आवरणाला एक पांढुरकी सुरकुती, एवढेच. वाकवले की तुटलेली टोके एकमेकांना टेकत आणि चिन्ह उमटे. मी कूस बदलली की ती सुटत.

"ओढल्याने तुटल्या का?" मी विचारले.

"नाही जी. वाकवल्याने."

हीच गोष्ट संध्याकाळी अण्णांना सांगितली. अण्णांची सारी नोकरी वीज मंडळात वायरमन म्हणून झाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपल्या विद्येचा विषय निघाला की काय हुरूप येतो! "अगं माई," ते म्हणाले, "पक्कड नसली तर आम्ही तार कशी तोडत होतो? इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवायची. दहा-वीस वेळा वाकवली की ती आपली आपण हाती येते. तुझी वायरही तशीच तुटली. फक्त वीस हेलकाव्यांऐवजी तिने काही हजार सोसले."

मग मी थोडे वाचले. धातूच्या या दुखण्याला शास्त्रज्ञ थकवा म्हणतात, आणि शब्द अगदी योग्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले, की एका वेळी सहज पेलेल असा भारही पुनःपुन्हा उलटसुलट पडत राहिला तर धातूत बारीक चीर पडते आणि ती वाढत जाऊन अखेर आस मोडतो. तांबे मऊ खरे, पण वाकवता वाकवता ते कडक होत जाते, आणि कडक झाले की चिरते.

तार वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. हा ताण दोन गोष्टींवर अवलंबून असतो. तार जितकी जाड, तितका ताण अधिक; म्हणून वायरीत एक जाड तार न घालता अनेक बारीक तारांचा पिळा घालतात. आणि वळण जितके लहान, तितका ताण अधिक. अर्ध्या सेंटिमीटरच्या त्रिज्येचे वळण अडीच सेंटिमीटरचे केले, तर ताण पाचपट कमी होतो. साऱ्या उपायांचे सार या एका वाक्यात आहे.

वायर नेमकी पिनेपाशी का तुटते, हेही यातूनच उमगते. पीन ताठ, वायर मऊ. ताठ आणि मऊ यांच्या सांध्यावर सारा वाक एकवटतो. म्हणून चांगल्या वायरीला पिनेमागे खाचा असलेली, निमुळती होत जाणारी लवचीक मान दिलेली असते; ती वाक पसरवून देते. पीन स्वतः सहसा दगा देत नाही. हल्ली सर्वत्र दिसणारी, दोन्ही बाजूंनी बसणारी सी-प्रकारची पीन दहा हजार वेळा घालणेकाढणे सोसावे, अशी तिच्या मानकाची अपेक्षा आहे. दिवसातून दोनदा म्हटले तरी हे तेरा वर्षांहून अधिक झाले. वायरीची मान मात्र वर्ष-दीड वर्षात मोडते, ती आपल्या हाताने.

अण्णांनी आणखी एक आठवण काढली. घराघरांत काळे टेलिफोन होते, तेव्हा त्यांच्या रिसिव्हरची दोरी वीस-वीस वर्षे टिके. मुले ती पिळत, पण ती तुटत नसे. कारण तिच्या आत तार नसेच. सुताच्या धाग्यावर तांब्याची पातळ पट्टी जरीसारखी गुंडाळलेली असे. भार धागा सोसे, वीज पट्टी वाही. मग तीच युक्ती आज का नाही? कारण त्या दोरीतून आवाजापुरता इवलासा प्रवाह जाई. आजच्या वायरीतून दोन-तीन अँपिअर जावयाचे असतात. त्याला पुरेसे तांबे हवे, आणि तांबे वाढले की वायर ताठ होते. ताठपणा आणि टिकाऊपणा यांची ही ओढाताण आहे.

स्वस्त वायरीत कारखानदार तांबेच कमी घालतो. ०.०८ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेची एक मीटर लांबीची वायर घेतली, तर जातायेता मिळून सुमारे ०.४३ ओहम रोध होतो. तिच्यातून दोन अँपिअर गेले की पाच व्होल्टांपैकी सुमारे ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. फोन रखडत भरतो, वायर कोमट होते. मग आपण म्हणतो, चार्जर बिघडला!

येथील हवेचाही यात वाटा आहे. चंडीगडच्या थंडीत प्लॅस्टिकचे आवरण ताठरते, उन्हाळ्याच्या भट्टीत ते हळूहळू आपला मऊपणा गमावते. कोकणासारख्या दमट प्रदेशात वेगळा शत्रू असतो. घामाचा किंवा पाण्याचा थेंब पिनेत राहिला आणि वीज चालू असली, की तेथील धातू झिजून काळा पडतो. ओली पीन कधीही लावू नये.

आता उपाय. ते इतके साधे आहेत, की सांगताना संकोच वाटतो.

वायर काढताना पीन धरून काढावी, वायर ओढून नव्हे. फोन भरत असताना तो छातीवर टेकवून वाचू नये. तेव्हा सारा भार पिनेमागच्या मानेवर पडतो. (माझा अपराध हाच होता.) पलंग भिंतीपासून दूर असेल तर वायर ताणण्यापेक्षा दीड-दोन मीटर लांबीची, पण चांगल्या जाडीची वायर घ्यावी. वायर चार्जरभोवती घट्ट गुंडाळू नये. लोकरीची लड ठेवतो तशी, तळहाताएवढ्या सैल वेटोळ्यांत, तिच्या मूळच्या पिळाला मान देऊन ठेवावी. गाठ कधी मारू नये. मानेपाशी सुरकुती दिसू लागताच तेथे तापवून आकसणारी नळी दुकानदाराकडून बसवून घ्यावी. लेखणीतली स्प्रिंगही थोडीफार मदत करते, पण तिच्या टोकाने आवरण कापले जाणार नाही हे पाहावे.

वायर टाकून देण्यापूर्वी फोनचे भोक तपासावे. खिशातला सुताचा कचरा तेथे दाबून बसतो, पीन पुरती आत जात नाही, आणि दोष वायरीवर येतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने तो हलकेच काढावा. आवरण फाटून आतील तार दिसू लागली, अथवा पीन पोळू लागली, तर मात्र माया करू नये. तशी वायर उशीखाली ठेवून झोपणे म्हणजे संकटाला बोलावणे आहे.

भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये सी-प्रकारच्या पिनेचे मानक प्रसिद्ध केले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना तीच पीन सक्तीची झाली. यामुळे घरात वायरींचे जंजाळ कमी होईल हे उत्तम. पण दहा जणांचे काम एका वायरीवर आले, की ती नीट वागवण्याची जबाबदारीही वाढते.

मेलेली वायर ओल्या कचऱ्यात टाकू नये; तिच्यात तांबे आहे, आणि ती विद्युत-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच गेली पाहिजे. याच शहरात नेक चंद नावाच्या रस्ता-निरीक्षकाने इतरांनी टाकलेल्या फुटक्या बांगड्या, कपबशा आणि विजेची मोडकी बटणे-खटके वेचून आपले रॉक गार्डन उभारले. १९७६ साली ते लोकांना खुले झाले. तेथील भिंतींत बसलेले चिनी मातीचे खटके पाहताना मला नेहमी वाटते, टाकाऊ हा वस्तूचा गुण नव्हे, आपल्या नजरेचा आहे.

ती जुनी वायर मी अजून टाकलेली नाही. शिवणाच्या डब्यात ती चिरलेल्या मानेनिशी पडून आहे. रोज रात्री नऊ वाजता अण्णांशी बोलणे होते. बोलून झाले की मी फोन उशापासून दूर, मेजावर सपाट ठेवते, वायरीला मोकळे वळण देते आणि चिन्ह उमटल्यावर आणखी दोन मिनिटे थांबून आकडा पुढे सरकतो की नाही ते पाहते. मग दिवा मालवते.

परवा अण्णांनी विचारले, "वायर ठीक आहे ना गं?"

"ठीक आहे, अण्णा," मी म्हटले. "तुम्ही न्हाणीघरात चटई टाकलीत ना?"