गणपूर्ती मोजायला शिका

तिवसा तालुक्यात पॅरालीगल स्वयंसेवक म्हणून तयार होणाऱ्या मुलामुलींना माझं आग्रहाचं सांगणं आहे की, आपल्या गावची पुढची ग्रामसभा चुकवू नका. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2009 मध्ये ही स्वयंसेवक योजना आणली, ती कायदा माणसाच्या दारापर्यंत पोचावा म्हणून. प्रशिक्षणात कलमं शिकवतात, ती यायलाच हवीत. पण कलम पाठ असणं वेगळं आणि समोर ते पाळलं जातंय की नाही, हे ओळखता येणं वेगळं. ही ओळख वर्गात बसून होत नाही असं माझं ठाम मत आहे.

गणपूर्तीचंच घ्या. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. म्हणजे 600 मतदारांच्या गावात 90 आणि 1200 मतदारांच्या गावात 100. वाचायला एक ओळ. पण सतरंजीवर माणसं किती बसली आणि हजेरी रजिस्टरवर सह्या किती झाल्या, हे दोन्ही मोजून पाहा. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मूठभर लोकांनी केलेला ठराव कायदेशीर कसा ठरतो, हे कोडं इथे उलगडतं. मग घरकुलाच्या यादीतून नाव गळालेली बाई तक्रार घेऊन आली की स्वयंसेवकाला पहिला प्रश्न सुचेल: ठराव कोणत्या सभेत झाला? सूचक कोण, अनुमोदक कोण, प्रोसिडिंगमध्ये नेमके शब्द कोणते? अर्ज कसा लिहायचा हे त्यानंतर.

कुणी म्हणेल, ग्रामसभेत पार्टीबाजी आणि आरडाओरडा, तिथे चुकीचंच शिकायला मिळेल. गोंधळ होतो हे खरंच आहे. पण अशिलाचं भांडण त्याच गोंधळातून निघालेलं असतं, आणि नियम कुठे मोडला हे कळायला नियम मोडताना पाहावा लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्वयंसेवकाने राजकारणात पडू नये. मान्य, म्हणून तर निरीक्षण म्हणतो. कुणाच्या बाजूने हात वर करायचा नाही. वही उघडायची, तारीख, वेळ, विषय आणि हजेरी टिपायची. तिवशात नगरपंचायत असल्याने तिथल्यांना ग्रामसभा नाही. त्यांनी नगरपंचायतीच्या सभेत प्रेक्षक म्हणून बसावं.

आपल्याच तालुक्यात, मोझरीला, तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम उभारला आणि गाव हाच विचाराचा केंद्रबिंदू ठेवून ग्रामगीता लिहिली. या मातीत गावच्या सभेला दुय्यम मानणं मला पटत नाही.

मुलींनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. ती खरंच भरते, की घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतल्या जातात? भरली तर दारूबंदीचा, पाण्याचा विषय त्या सभेतून निघून मुख्य सभेच्या प्रोसिडिंगमध्ये उतरतो का? दोन्ही सभांच्या नकला मागून शेजारी शेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ ताडून पाहा.