खिडकीचा कोन : मुंबईच्या अंधाऱ्या खोल्या आणि काकांचे घर

१. आजचा धागा नेहमीपेक्षा थोडा खासगी आहे. माझ्या प्रबंधाचा विषय मुंबईचा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. गेली दीड वर्षे मी अभिलेखागारात बसून शंभर वर्षांपूर्वीच्या घरमालकांचा हिशेब वाचते आहे. या उन्हाळ्यात तोच हिशेब आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला.

२. माझे काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधीतली बरीचशी रक्कम घालून त्यांनी कल्याणच्या जुन्या भागात एक मजली, कौलारू, लांबट घर घेतले. विटा, चुना आणि सागवानी तुळया. खाली तीन खोल्या, वर तीन. प्रत्येकीत मोरी आणि ओटा काढून सहा भाडेकरू ठेवायचे, असा त्यांचा बेत. खोलीमागे सात हजार, म्हणजे महिना बेचाळीस हजार. त्यातून माझ्या पुढच्या शिक्षणाची फीही भागणार होती. हे आधीच सांगते, कारण या गोष्टीत मी तटस्थ नाही.

३. नकाशा काढण्यासाठी आलेल्या वास्तुविशारद बाईंनी आधी कागद मागितले : मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, जुना भाडेकरू कोणी हक्क सांगणार नाही ना याची खातरजमा. “एका बिऱ्हाडाची सहा बिऱ्हाडं करायची तर पालिकेची परवानगी आधी, गवंडी नंतर,” त्या काकांना म्हणाल्या. मग त्या मागच्या खोलीत गेल्या, खिडकी उघडली आणि समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर मोजले. चार फूट. शेजारची भिंत सुमारे चोवीस फूट उंच. “या भिंतीसमोर निदान बारा फूट मोकळे हवेत. उंचीच्या निम्मे.”

४. मी चमकले. हा नियम मला पाठ होता.

५. आता थोडा इतिहास. सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी रुग्णांची लक्षणे ओळखून शहरात गाठीचा प्लेग आल्याचे निदान केले. साथीने शहर हादरले आणि १८९८च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्यांतून रस्ते काढणे, कोंदट घरे पाडणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायी चाळी बांधणे ही त्याची कामे.

६. ही घरे कोंदट कशी झाली? पुष्कळ घरे मुळात एका कुटुंबासाठी होती. रुंदीला कमी, खोलीला जास्त. बंदर आणि गिरण्या वाढल्या, माणसे येत राहिली, आणि मालकांनी घराचे आडवे तुकडे पाडून वर मजले चढवले. पुढच्या खोलीला रस्ता मिळाला आणि मागचीला घरगल्ली, म्हणजे दोन घरांमधली मैला आणि सांडपाण्याची चिंचोळी बोळ. मधल्या खोलीला काहीच मिळाले नाही. तिला भिंती होत्या, दार होते, भाडे होते. बाहेर उघडणारी खिडकी तेवढी नव्हती.

७. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी या प्रश्नाला भूमितीचे उत्तर दिले. खिडकीसमोरच्या भिंतीच्या माथ्याकडे जाणारी रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो साधा आहे : या कोनात उंची अंतराच्या बरोबर दुप्पट असते. समोरची भिंत वीस फूट असेल तर मधे दहा फूट मोकळे आकाश हवे. लंडनच्या १८९४च्या इमारत कायद्यात घरामागच्या मोकळ्या जागेसाठी हाच कोन होता. उजेडासारखी हातात न येणारी गोष्ट फूटपट्टीने मोजता येते, हे मला अभिलेखागारात पहिल्यांदा कळले तेव्हा फार आनंद झाला होता.

८. पण ट्रस्टची गोष्ट आनंदाची नाही. त्याने जितक्या खोल्या पाडल्या त्या मानाने बांधल्या कमी. उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत शिरली आणि तिथल्या खोल्या आणखी दाटल्या. पहिल्या महायुद्धात भाडी इतकी चढली की १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आणावा लागला. पुढे विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळींच्या २०७ इमारती उभ्या केल्या. १९४७च्या भाडे कायद्याने सप्टेंबर १९४०च्या सुमाराची भाडी आधारभूत धरली. भाडेकरूचे छप्पर टिकले, पण मालकाला दुरुस्ती परवडेना किंवा करावीशी वाटेना. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये शासनाला उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले.

९. एवढे वाचून बसलेली मी त्या रात्री काकांवर तुटून पडले. “काका, तुम्ही मधल्या दोन खोल्या भाड्याने देणार म्हणजे १८९६ सालच्या मालकांनी जे केलं तेच करणार.” काकांनी ताट बाजूला सारले. “अगं, मी गिरणीमालक आहे का? तीस वर्षं लोकलला लोंबकळून जमवलेला पैसा आहे हा. आणि तुझी फी कुठल्या खोलीतून निघणार आहे, ते तरी बघ.” काकू काही बोलल्या नाहीत. मला उत्तर सुचले नाही.

१०. प्रबंधात मी ‘मालकवर्गाचा नफेखोरपणा’ असे सहज लिहून गेले होते. त्या वर्गात निवृत्त कारकून असतील, दागिने मोडून घर घेतलेल्या विधवा असतील, भाच्याची फी भरणारे मामा असतील, हे माझ्या मनात आले नव्हते. यामुळे अंधारी खोली कमी अंधारी होत नाही. पण ती तयार करायला दुष्टपणा लागतोच असे नाही, साधी बेरीजही पुरते, एवढे मला कळले.

११. आठवड्याने बाई पुन्हा आल्या. त्यांनी उपदेश केला नाही, हिशेब मांडला. वरच्या मजल्यावर खोल्या पाडायला दहा फूट लांब, दहा फूट उंच अशी साडेचार इंची विटांची भिंत घातली तर तिचे वजन गिलाव्यासह दोन टनांहून अधिक भरते, आणि ते जुन्या तुळईने पेलायचे. सहा मोऱ्या सहा जागी काढल्या तर तुळयांची भिंतीत रुतलेली टोके ओलीने कुजतात, आणि ते वरून दिसत नाही. म्हणून मोऱ्या एकावर एक, एकाच नळाला जोडलेल्या हव्यात. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते, तेव्हा चुनाच वापरायचा. आणि घर उघडल्यावर काय निघेल याचा नेम नसतो, म्हणून काही रक्कम बाजूला ठेवूनच काम सुरू करायचे.

१२. मग मुख्य सूचना. वरच्या मधल्या खोलीची तक्तपोशी काढायची, पण तुळया तशाच ठेवायच्या, कारण त्यांनी दोन्ही भिंती बांधून धरल्या आहेत. वर काचेची कौले बसवायची आणि झरोके ठेवायचे. खालची मधली खोली म्हणजे सर्वांचा चौक. पुढच्या-मागच्या चारही खोल्यांना या चौकाकडे खिडकी, म्हणजे घरगल्लीकडच्या खालच्या खोलीलाही वरून उजेड आणि वारा. खोल्या चार. भाडे प्रत्येकी नऊ हजार मिळाले तर महिना छत्तीस हजार. तूट सहा हजारांची, पण दोन मोऱ्या, दोन ओटे आणि वरच्या भिंतींचा खर्च वाचतो. “उजेडाची खोली सहसा रिकामी राहत नाही,” बाई म्हणाल्या, “पण याची हमी मी देणार नाही.”

१३. पॅट्रिक गेडिस हे नाव काहींना आठवेल. १९१४ मध्ये भारतात आलेले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे नगरचिंतक. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. मोजकीच घरे काढून मोहल्ल्यात छोटे चौक मोकळे करावेत आणि बाकीचे जगू द्यावे, या पद्धतीला ते जपून केलेली शस्त्रक्रिया मानत. बाईंनी एका घरावर तेच सुचवले होते. त्यांनी गेडिस वाचले आहेत का, हे मी विचारले नाही. चांगला सल्ला ग्रंथांतून येतो तसा अनुभवातूनही येतो.

१४. काकांनी दोन दिवस घेतले. मग बाईंना फोन करून म्हणाले, “मॅडम, चारच करू.” माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाले, “हिचं आम्ही बघतो काहीतरी.” ते ‘काहीतरी’ म्हणजे मी जूनपासून घेत असलेली शाळकरी मुलांची संध्याकाळची शिकवणी. सहा हजार अजून पूर्ण भरून निघत नाहीत. काकांची बेरीज चुकीची नव्हती, आणि बाईंची बरोबर ठरेल की नाही हे भाडेकरू आल्यावरच कळेल.

१५. प्रबंधातला ‘नफेखोरपणा’ हा शब्द मी खोडलेला नाही. काही मालकांना तो नक्कीच लागू होतो. त्यापुढे मात्र एक परिच्छेद वाढवला आहे, छोट्या मालकांच्या हिशेबाचा. मार्गदर्शकांनी समासात प्रश्न केला : हे अचानक कुठून आले? त्यांना काय उत्तर द्यावे याचा विचार करते आहे.

१६. जाता जाता एक विनंती. आज आपल्या खिडकीसमोरची भिंत किती उंच आणि किती दूर आहे, ते अंदाजाने मोजून पाहा. दुपटीचा नियम तुमच्या खोलीला लागू पडतो का, ते खाली लिहा. चाळीत किंवा वाड्यात राहिलेल्यांनी घरगल्लीच्या आठवणी जरूर सांगाव्यात. पुढचा धागा १९१८च्या भाडे कायद्यावर.