डिस्कचा पत्ता

४ जुलै
नवं काम. व्हर्च्युअल मशीनला नेटवर्कवरची डिस्क जोडायची. आमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ती कशी लिहायची ते ठरवायचं. आयस्कझी, एनबीडी, सेफ, तिन्ही हवेत. स. म्हणाला, "एका ओळीत बसलं पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प.

५ जुलै
क्यूईएमयूच्या जुन्या पद्धती वाचल्या. एनबीडीला होस्ट, पोर्ट सगळं कोलनने जोडलेलं. सेफच्या आरबीडीला पूल, तिरकी रेघ, इमेज, मग कोलन देऊन पर्याय. आयस्कझी यूआरएलसारखं. ज्याने जे आणलं त्याने ते आपल्या सोयीने लिहिलं. निस्तरायचं पुढच्यांनी.

६ जुलै
कोलन, कोलन, कोलन. पोर्टच्या आधी कोलन. आयपीव्ही६च्या पत्त्यात कोलन. आयस्कझी टार्गेटच्या नावातही: आयक्यूएन, वर्ष-महिना, उलटं लिहिलेलं डोमेन, पुढे कोलन आणि आपलं नाव. पार्सरने तोडायचं कुठे? आयपीव्ही६ला चौकटी कंस आहेत. आरबीडीत कोलनआधी उलटी तिरकी रेघ. ती अवतरणाशिवाय लिहिली तर शेल गिळतं. मग दोन रेघा. पर्यायात स्वल्पविराम असेल तर तोही दोनदा.

८ जुलै
पाऊस. लाइट दोनदा गेली. काही सुचलं नाही.

९ जुलै
सेफचा मॉनिटर एकटा नसतो. बहुमत लागतं, म्हणून सहसा ३ किंवा ५. यूआरएलमध्ये होस्टला जागा एकच. स. म्हणतो, स्वल्पविराम देऊन तीन टाकू. परत स्वल्पविराम!

१० जुलै
लिबव्हर्टचा एक्सएमएल पुन्हा वाचला. सोर्समध्ये प्रोटोकॉल आणि नाव. होस्ट हा आतला वेगळा घटक. मॉनिटर तीन, तर होस्टच्या ओळी तीन. पोर्टचा रकाना स्वतंत्र. तोडातोडी नाही. एक्सएमएलला आपण ऊठसूट नावं ठेवतो, पण इथे त्याने बाजी मारली. फक्त आयस्कझीचा लन, म्हणजे टार्गेटवरच्या डिस्कचा आकडा, टार्गेटच्या नावाच्या शेपटीला तिरकी रेघ देऊन लटकवलाय. दिला नाही तर शून्य. हे काही पटत नाही.

१२ जुलै
पासवर्ड. आयस्कझीच्या यूआरएलमध्ये युजर, टक्क्याचं चिन्ह, लगेच पासवर्ड, उघडा. कमांड लाइनवर असा दिला तर पीएस मारून मशीनवरचा दुसरा कुणीही वाचेल. सपोर्टच्या ताई म्हणाल्या, "अहो, कस्टमर पूर्ण फाइल मेलने पाठवतात आम्हाला." म्हणजे फाइलमध्ये गुपिताचा फक्त यूयूआयडी. गुपित दुसरीकडे. स.ने यावर वाद घातला नाही. आश्चर्य.

१५ जुलै
पोर्ट ऐच्छिक. आयस्कझी ३२६०, एनबीडी १०८०९. ठरलेला आकडा माणसाकडून कशाला लिहून घ्यायचा?

१६ जुलै
ताईंना नमुना दाखवला. त्यांचा एकच प्रश्न: "लन चुकला तर स्क्रीनवर काय दिसेल?"
नसलेला लन दिला तर एरर येईल. रकाने वेगळे, त्यामुळे कुठला चुकला तेही सांगता येईल. पण त्याच टार्गेटवरचा दुसरा, खराखुरा लन दिला तर? काहीच दिसणार नाही. भलतीच डिस्क जोडली जाईल आणि मशीन तिच्यावर खुशाल लिहीत बसेल.
रात्री जेवताना तेच डोक्यात.

१८ जुलै
ठरलं. होस्टची यादी, टार्गेट, लन, गुपित, प्रत्येकाची ओळ वेगळी. स. ओळी मोजत होता. मोजू दे. चुकीचा आकडा आम्ही ओळखू शकत नाही, पण विसरलेला आकडा शून्य धरणार नाही. लन लिहिलेला नसेल तर मशीन सुरूच होणार नाही.