घोड्यावरचं बोट

डॉक्टरांनी डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबायला सुरुवात केली. दंड आवळत गेला तसा मी नकळत अर्धा श्वास सोडला आणि थांबलो.

"काका, श्वास कशाला रोखताय? आकडा चुकेल."

त्यांना काय सांगणार! त्या दंडाला ही खोड दौंडला लागली. राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात नंबरचे गट तिथे आहेत. माझी उमेदीची वर्षं त्यांतल्याच एकात गेली. निवृत्तीनंतर शिरूरला आलो. जुनी माणसं अजून याला घोडनदीच म्हणतात. बंदुकीचा घोडा सुटला, घोडनदी मिळाली, असं मी गमतीनं म्हणतो.

चांदमारीला पोटावर पडायचं, रायफलचा पट्टा डाव्या दंडावर चढवायचा, कोपर मातीत रुतवायचं. पट्टा आवळला की रायफल ठरते. पण त्याच दंडातून धमनी जाते. हृदयाचा ठोका पट्ट्यावर आदळतो, पट्ट्यातून रायफलीत उतरतो आणि नळीच्या टोकाची मक्खी टुणकन उडते. टार्गेट बिचारं जागच्या जागी. हलतो आपणच. मी घाबरून श्वास कोंडायचो. त्यानं छातीतला दाब वाढायचा, ठोका आणखी जोरानं लागायचा, शेवटी डोळ्यांपुढचा काळा ठिपकाच धूसर व्हायचा. उस्ताद म्हणायचे, "मक्खी नाचतेय? नाचू दे. आधी तिचा ताल बघ."

तो ताल आज डॉक्टरांच्या यंत्रात दिसतो. वरचा आकडा ठोक्याच्या धक्क्याचा, खालचा दोन ठोक्यांमधल्या उसंतीचा. मुरलेला नेमबाज त्या उसंतीत घोडा दाबतो. माझे आकडे निघाले 160 आणि 100. धक्का मोठा, उसंतही तंग.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ठोका संथ करणारी, बीटा-ब्लॉकर. मला हसू आलं. हिच्यानं हाताचा कंपही कमी होतो, म्हणून नेमबाजांना ती वर्ज्य आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याच्या तपासणीत याच कुळातलं प्रोप्रानोलोल सापडलं आणि त्याची दोन्ही पदकं गेली. एका गोळीनं दुसरीचं मोल घालवलं.

आपला नेमबाज स्वप्नील कुसाळे आठवला. कोल्हापूरकडचा, पदकाआधी रेल्वेत टीसी. म्हणजे दौंडसारख्या जंक्शनच्या गावाला घरचाच. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं 451.4 गुणांवर कांस्य मिळवलं. पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, सदऱ्याच्या बटणाएवढं. त्या सकाळी पोटात फक्त कोरा चहा होता, असं त्यानंच सांगितलं. म्हणजे पोटात गोळा त्याच्याही आला असणार, छाती त्याचीही धडधडली असणार. ती गप्प करायच्या फंदात तो पडला नसावा. तिच्या दोन शब्दांमध्ये त्यानं आपला शब्द टाकला.

"पाच मिनिटांनी पुन्हा बघू. बोलू नका," डॉक्टर म्हणाले.

पट्टा पुन्हा आवळला. या वेळी श्वास येऊ दिला, जाऊ दिला. खाली पाहिलं तर उजव्या हाताची तर्जनी मांडीवर आकडा करून बसलेली. इथे कुणावर नेम धरायचा होता? मी ती हळूच सरळ केली.

"148," डॉक्टर म्हणाले. "उतरतंय, काका."