साबरमतीचं वासरू आणि डोंबिवलीचा खंडू

कराड, रविवार

चि. मनूस,

आधी पैशांचं बोलू. परवा फोनवर खंडूचं क्रिएटिनिन, फॉस्फरस, सोनोग्राफी सगळं घडाघडा सांगितलंस, पण बिलाचा आकडा आला तसा तुझा आवाज खाली गेला. ॲडमिट ठेवायचं तर दिवसाला सात-आठ हजार, डायलिसिसचे वेगळे, आणि असं किती दिवस ते कुणी सांगत नाही. जावईबापूंचा पगार दिवाळीपासून अर्ध्यावर आलाय, घराचा हप्ता काही अर्ध्यावर आलेला नाही. त्यात तुमच्या सोसायटीतल्या त्या बाईंनी विचारलं, 'पोटचं पोर आजारी असतं तर असा हिशोब केला असतास का?' आणि मग तू मला विचारलंस, मामा, मी पैशांसाठी त्याला मारतेय का?

त्या बाईंना सांग, पोर आजारी असतं तर सरकारी हॉस्पिटल होतं, महात्मा फुले योजना होती, कंपनीचा विमा होता, आणि काहीच नसतं तर आम्ही सगळे नातेवाईक होतो. खंडूच्या मागे यातलं कोण आहे? कुत्र्यांचे विमे निघतात हल्ली, पण म्हाताऱ्या कुत्र्याचा नवा विमा काढायला कंपन्या सहसा तयार नसतात आणि आधी जडलेलं दुखणं त्यात धरत नाहीत. आमचे सरकारी पशुदवाखाने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी उभे राहिलेले. तिथे कुत्र्याचं डायलिसिस कुठून येणार? म्हणजे सगळा भार एका घराच्या कमाईवर. मग त्या घराने हिशोब करायचा नाही तर कुणी करायचा?

आमच्याकडे शेतकरी हा हिशोब उघड करतो. नोकरीतली सगळी वर्षं गोठ्यात उभा राहून मी एकच ऐकत आलो, 'सायब, उठंल का? आन् किती लागतील?' दोन्ही प्रश्न एका दमात. त्याचं जनावरावर प्रेम नाही असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. बैल गेला म्हणून त्या दिवशी चूल न पेटलेली घरं मी पाहिलीत. शहरात मात्र दुसरा प्रश्न तोंडातून निघाला की माया कमी पडली असं ठरतं. तू डॉक्टरांना तो विचारलेलाच नाहीस, हो ना? 'जे लागेल ते करा' म्हणालीस आणि घरी येऊन पाटल्यांचं वजन आठवत बसलीस. पुढच्या वेळी जाशील तेव्हा सरळ सांग, डॉक्टर, माझ्याकडे एवढे आहेत, एवढ्यात याच्यासाठी सगळ्यात बरं काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. उलट त्याला उपचार नीट आखता येतात.

शेतकऱ्याचे मी उगाच गोडवे गात नाही. त्याचीच दुसरी बाजू सांगतो. गाय बसली, मांडीचं हाड मोडलंय, उठण्याची आशा संपली. डॉक्टर म्हणतात इंजेक्शन देऊन सोडवू, आणि घरातला कर्ता माणूस हात जोडतो, 'एवढं पाप नको.' मग ती गाय गोठ्याच्या कडेला पडून राहते. खालच्या कुशीला जखमा होतात, त्यात किडे पडतात, माणसं रोज पाणी पाजतात, हळद लावतात, आणि तिचं मरण पंधरवडाभर चालतं. पाप कुणी घेतलं नाही, एवढंच काय ते समाधान. मला त्या समाधानाचा राग येतो. अजून येतो.

साबरमतीच्या वासराची गोष्ट तुला माहीत आहे का? १९२८ साली आश्रमातलं एक वासरू असंच पडलं. त्याला कूस बदलता येईना, वेदना सहन होईनात, डॉक्टरांनी हात टेकले. गांधीजींनी आश्रमातल्या मंडळींशी विचारविनिमय केला. एकाने विरोध केला, जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घ्यायचा आपल्याला अधिकार नाही म्हणून. गांधीजींचं म्हणणं, घेणाऱ्याचा स्वार्थ असेल तिथे हा मुद्दा लागू पडतो, इथे नाही. त्यांनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववलं आणि स्वतः तिथे हजर राहिले. अहिंसा सांगणाऱ्याने गाईचं वासरू मारलं म्हणून संतापाची पत्रं आली. ते मागे हटले नाहीत, 'नवजीवन'मध्ये लेख लिहून उत्तर दिलं.

हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच लेखाचा दुसरा भाग फारसं कुणी सांगत नाही. तो माकडांबद्दल आहे. आश्रमाच्या झाडांची, पिकांची माकडं नासाडी करत होती आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. गांधीजींनी तिथे स्वतःला सूट दिली नाही. माकडांना मारावं लागलं तर ती हिंसाच, कारण मारणार ते आपल्या पिकासाठी. वासराला मारलं ते वासरासाठी. एकाच लेखात दोन मरणं शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींना एक नाव द्यायचं नाकारलं. एवढा नितळ विचार या विषयावर मी दुसरीकडे वाचलेला नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला माझा उलट प्रश्न आहे. खंडू वासरू आहे की माकड?

आता रिपोर्टकडे ये. किडनीच्या दुखण्याचे दोन प्रकार असतात. एक अचानक आलेलं: लेप्टो झाला, विषारी काही खाल्लं, आणि धडधाकट कुत्रा दोन दिवसांत आडवा झाला. तिथे किडनीला सावरायला वेळ हवा असतो आणि डायलिसिस तो वेळ विकत घेऊन देतं. असा कुत्रा पुन्हा जिना चढून वर येऊ शकतो. दुसरं हळूहळू आलेलं. तू म्हणालीस, गेलं वर्षभर तो सारखं पाणी पीत होता, रात्री उठून गॅलरीत लघवी करत होता, वजन उतरत होतं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसल्या. हा दुसरा प्रकार. यात क्रिएटिनिन वाढल्याचं रक्तात दिसेपर्यंत किडनीचं तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं आणि गेलेला भाग परत येत नाही. कुत्र्यात क्रिएटिनिन पाचच्या वर गेलं की चौथी, म्हणजे शेवटची पायरी मानतात. खंडूचं साडेआठ आहे. तोंडाला येणारा तो उग्र वास, हिरड्यांवरचे फोड, अन्न समोर ठेवलं की मान फिरवणं, हे सगळं रक्तात साचलेल्या विषामुळे.

डॉक्टरांना नेमकं हेच विचार: दुखणं जुनंच ना? ते हो म्हणाले, तर पाटल्या मोडून जे विकत घेशील ते काही दिवस आहेत, आणि तेही पिंजऱ्यात, पायाला सुई लावलेले, अनोळखी कुत्र्यांच्या भुंकण्यात. दारावरची बेल वाजली की तुझ्या आधी धावणारा कुत्रा तो. ते दिवस त्याला हवेत का, याचा विचार पैसे असते तरी करावाच लागला असता. खंडू वासरू आहे, मनू. पैशाची अडचण त्याच वेळी दारात आली म्हणून तो माकड होत नाही.

आणि समजा, तो माकड असता. समजा पायाचं हाड मोडलं असतं, किंवा पिल्लू असताना पार्व्हो झाला असता, सलाईनवर आठवडाभर झुंजून बरा होण्यासारखा. मग मी तुला परळला धाडलं असतं. बैलघोडा हॉस्पिटल तुझ्या आजीलाही माहीत होतं. प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी मुंबईत १८७४ साली संस्था निघाली तिचं ते हॉस्पिटल, शेजारी १८८६ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय. तिथे गर्दी असते, रांग असते, पण खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. पाय कापावा लागला असता तर कापायला सांगितलं असतं. तीन पायांवर कुत्री मजेत पळतात, चौथ्याची आठवण माणसांनाच येते. एवढं करूनही जमलं नसतं आणि तू इंजेक्शनच निवडलं असतंस, तर मी तुला वाईट म्हटलं नसतं. पण त्याला दयामरण मात्र म्हणू दिलं नसतं. ते माकडाचं मरण, आणि तसंच मनात ठेवून जगायचं.

एक गोष्ट मला अलीकडे जाणवते. पूर्वी डॉक्टर म्हणायचे, आता काही उरलं नाही, आणि माणूस रडून मोकळा व्हायचा. आता महालक्ष्मीला टाटांनी २०२४ मध्ये लहान प्राण्यांसाठी पाच मजली हॉस्पिटल काढलं, १६५ कोटींचं. फार चांगलं झालं, किती जीव वाचतील. पण इलाज आला की तो न करणं हाही आपला निर्णय होऊन बसतो. तुझ्या डोक्यावरचं निम्मं ओझं या नव्या यंत्रांचं आहे.

तिसरी वाट मी मुद्दाम बोलतो, कारण अडलेली माणसं ती धरतात. रात्री गाडीत घालून हायवेला सोडायचं, किंवा एखाद्या संस्थेच्या फाटकाला बांधून यायचं. १९६० च्या कायद्यात भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. त्या दंडाच्या भीतीने कुणी थांबत नाही. तू असलं काही करणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण इंजेक्शनला क्रूर म्हणणारेच कधी कधी ही वाट धरताना मी पाहिलेत, म्हणून लिहिलं.

वेळ कशी ओळखायची विचारलंस. अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्य बाईंनी एक मोजपट्टी केली आहे: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर घरी सांभाळायला हरकत नाही. तुम्ही दोघं वेगवेगळे गुण द्या, एकमेकांना न दाखवता. आणि कालनिर्णयच्या चौकटीत रोज रात्री एक खूण कर, दिवस बरा की वाईट. वाईट खुणा सलग दिसू लागल्या की वाट बघू नकोस. अगदी शेवटच्या घटकेपर्यंत थांबलं की फिट्स येतात, आणि मग रात्री दोन वाजता डोंबिवलीत डॉक्टर शोधत फिरावं लागतं.

तोवर घरी कातडीखाली सलाईन देता येतं, मळमळीची गोळी देता येते. डॉक्टरांना विचार, प्रमाण लिहून घे. हा सगळा खर्च शेकड्यांत आहे, हजारांत नाही.

तू म्हणालीस, मामा, तूच दे ना इंजेक्शन. नाही. मी पशुधन पर्यवेक्षक होतो, डॉक्टर नाही. १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे माझ्यासारख्याला किरकोळ उपचार तेवढे करता येतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच. ते तुझी लेखी संमती घेतील. शक्य असेल तर घरी बोलाव.

काय होतं ते आत्ताच सांगून ठेवतो. आधी गुंगीचं इंजेक्शन; त्याने कधी उलटी होते, घाबरू नकोस. मग पायाच्या शिरेतून भुलीचं औषध, नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. श्वास थांबतो, पाठोपाठ हृदय. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा उचकी लागल्यासारखा श्वास येतो, अंग थरथरतं, लघवी होते. तो जिवंत आहे, त्रासात आहे असं वाटतं, पण तसं नसतं. हे आधी कुणी सांगत नाही आणि माणसं वर्षानुवर्षं त्या एका श्वासाने झुरत राहतात. गुंगी न देता थेट शिरेत देणार असतील तर स्पष्ट नको म्हण. गुंगीचे वेगळे पैसे पडले तरी दे. सगळीकडे काटकसर कर, इथे नको.

तुमच्या बाळूला खरं ते सांगा. गावाला मामाआजोबांकडे पाठवला असं काही सांगू नका, मे महिन्यात येऊन तो माझा सगळा गोठा शोधून काढेल. तुझी आई, देवाचं नाव कुत्र्याला ठेवलं म्हणून अजून बोलत असेल, तर तिला म्हणावं, खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच. हे मी अकरा वर्षांपूर्वीही सांगितलं होतं.

बुधवारी कोयनेने निघतो, कल्याणला उतरून लोकलने येईन. सलाईनच्या बाटल्या आणि सुया तिथे घेऊ नकोस, इथला घाऊक औषधवाला माझ्या ओळखीचा आहे. सुई कशी टोचायची ते जावईबापूंना शिकवतो, तुझा हात थरथरेल. डॉक्टरांची वेळ गुरुवारची घे, म्हणजे मीही सोबत येतो आणि तो दुसरा प्रश्न तुला विचारता आला नाही तर मी विचारतो. पाटल्या कपाटात ठेव. तुझी मामी विचारतेय, तो अजून वास घेऊन एखादा घास खातो का, सुकट पाठवू का? किडनीला चालत नाही हे तिलाही सांगितलं. आणतोच आहे.

तुझा,
मामा