बिनटेपची कॅसेट

२२ ऑगस्ट २०१०, रविवार

गाडीनं आज गीतरामायणाची तिसरी कॅसेट खाल्ली. आईंना (म्हणजे सासूबाईंना) सिंहगड रोडला त्यांच्या बहिणीकडे पोचवायला निघाले होते. दांडेकर पुलाच्या सिग्नलला बाबूजींचा आवाज एकदम जड झाला, लांबत लांबत गेला आणि बंद पडला. बटण दाबलं तर कॅसेट अर्धी बाहेर आली, मागे तपकिरी पट्टीचा झुबका. ओढलं तर तुटेल, न ओढलं तर निघणार नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले. शेवटी पर्समधली नखं कापायची कात्री चालवली.

यात कॅसेटचा दोष कमी आणि पावसाळ्याचा जास्त. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, एक बारीक दांडी आणि रबराचं चाक यांच्या चिमटीतून. पुढचं चक्र ती गुंडाळून घेतं. दमट हवेत पट्टी चिकट होते, चक्राची ओढ कमी पडते, चिमटी मात्र टेप सोडतच राहते. मग ती रबराच्या चाकाभोवतीच गुंडाळली जाते. पेन्सिल घालून गुंडाळण्यापलीकडचं प्रकरण होतं हे.

आई काही बोलल्या नाहीत. कॅसेटचा रिकामा सांगाडा आणि तिचं कव्हर पर्समध्ये ठेवलं त्यांनी. गणपतीला गुहागरला जाताना वाटेत गीतरामायण लावायचं, हा आमच्या घरचा सतरा वर्षांचा रिवाज आहे.

२४ ऑगस्ट, मंगळवार, नारळी पौर्णिमा

नारळीभात खाता खाता नवऱ्याचा निकाल: "काढून टाक तो सेट. टचस्क्रीनवाला बसवून घेऊ."

मला ते पटत नाही. कंपनीचा सेट डॅशबोर्डच्या वळणाबरोबर वळलेला असतो, त्याच्यावरच घड्याळ असतं, रात्री मीटरच्याच रंगात उजळतो. त्याच्या जागी निळे दिवे लुकलुकणारा डबा बसवला की सुती नऊवारीवर गॉगल घातल्यासारखं दिसतं. शिवाय गाडी २००४ ची, आम्ही तिसरे मालक. नवा सेट गाडीपेक्षा महाग दिसेल.

चिरंजीवांनी नवा फोन घेतल्यामुळे त्यांचा जुना आयपॉड खणात पडून होता, ३० जीबीचा. सीडींवरून त्यात छप्पन्नच्या छप्पन्न गाणी भरून दिली. आईंनी इयरफोन लावला आणि दोन मिनिटांत काढला. "अगं, रामाचा अजून जन्म नाही आणि हा सेतू बांधायला लागला!" शफल चालू होतं. ते बंद केल्यावर कुश-लवांपासून नीट सुरू झालं. पण कानात बोंडं घालून त्यांना ऐकायचं नाही. गाडीत सगळ्यांनी मिळून ऐकायचं असतं.

म्हणजे प्रश्न एवढाच: आयपॉडमधला आवाज सेटमध्ये न्यायचा कुठून? सेटच्या तोंडावर कॅसेटची फट आहे, बटणं आहेत. पिन खोचायला भोक नाही.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

तपकीर गल्लीतून एफएम ट्रान्समीटर आणला, साडेतीनशे रुपये. लायटरच्या भोकात खोचायचा, त्याची वायर आयपॉडला जोडायची, सेटवर रेडिओ लावायचा. म्हणजे गाडीत आपलं स्वतःचं आकाशवाणी केंद्र. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, याच शहरातल्या आकाशवाणीवरून सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक गाणं लोकांनी रेडिओला कान लावून ऐकलं. आता पंचावन्न वर्षांनी त्याच पुण्यात मी तीन मीटर टापूचं केंद्र चालवणार. गंमत वाटली.

गंमत स्वारगेटपर्यंत टिकली. ९१.१, ९४.३, ९८.३, १०१ या जागा भरलेल्या, म्हणून ८८.१ निवडलं होतं. स्वारगेटच्या सिग्नलला अहिल्येच्या उद्धाराच्या ऐन मध्यावर एक आयटम साँग घुसलं. घुसलं म्हणजे मिसळलं नाही, बाबूजींना बाजूला सारून एकटंच वाजायला लागलं. शेजारच्या टॅक्सीतला पोरगा स्टिअरिंगवर ताल धरून होता. त्याच्याकडेही हेच यंत्र, हाच आकडा! एफएमचा स्वभावच तसा आहे. मीडियम वेव्हवर दोन केंद्रं एकमेकांत कालवली जातात, एफएमवर जो जोरात तो जिंकतो आणि दुसरा पार नाहीसा होतो. आमची एरियल छतावर बाहेर, ट्रान्समीटर पत्र्याच्या आत. त्या पोराचा आवाज तिथपर्यंत आमच्याच आवाजापेक्षा सहज पोचला.

सिग्नल सुटला, टॅक्सी पुढे गेली, अहिल्या परत आली. आई म्हणाल्या, "शिळा झाली होती मधे."

२९ ऑगस्ट, रविवार

कॅसेट ॲडाप्टर, एकशेवीस रुपये. वस्तू मोठी गोड आहे. दिसायला कॅसेट, आत टेपचा पत्ता नाही, कडेनं शेपटीसारखी वायर. वाजेना म्हणायची सोय नाही, वाजतो. पण आवाज रजईत गुंडाळल्यासारखा, आणि आत दातेरी चाकं कटकट कटकट करतात, जणू कोणी सुपारी कातरतंय. त्यात दर दोन मिनिटांनी सेट 'खट्' करून बाजू पालटतो.

३१ ऑगस्ट, मंगळवार

प्रॅक्टिकल संपल्यावर कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडाप्टर उघडला. बारावीच्या दोन मुली घरी जायच्या थांबल्या आणि बघत बसल्या.

कॅसेट प्लेअरचं हेड टेपवरचं बदलतं चुंबकत्व ओळखतं. या ॲडाप्टरमध्ये टेपच्या जागी नुसतंच एक छोटं हेड बसवलेलं असतं, प्लेअरच्या हेडच्या समोर, नाकाला नाक लावून. आयपॉडचा करंट त्याच्या वेटोळ्यातून गेला की तिथे बदलतं चुंबकत्व तयार होतं आणि प्लेअरचं हेड त्यालाच टेप समजतं. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा फळ्यावर शिकवताना मुली जांभया देतात, आज त्यातलीच एक म्हणाली, "मॅडम, हे म्हणजे ट्रान्सफॉर्मरच ना?" ट्रान्सफॉर्मरच. दोन्ही हेडं जरा तिरपी पडली की तीव्र स्वर आधी गळतात, म्हणून ती रजई.

आणि कटकट करणारी चाकं सेटला फसवण्यासाठी आहेत. चक्र फिरायचं थांबलं की सेटला वाटतं टेप संपली, तो बाजू पालटतो. आमच्या ॲडाप्टरची चाकं मधेच अडकत होती. तेल घातलं. पाच मिनिटं बरं चाललं, मग परत खट्.

४ सप्टेंबर, शनिवार

नाना पेठ. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक चाचा आहेत, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. रमझान चालू असल्यामुळे दुपारी काम हळू होतं. सेटकडे बघून पहिला प्रश्न: "कोड आहे का मॅडम?" बॅटरीपासून सुटला की हा सेट चार आकडी कोड मागतो, चोराला उपयोग होऊ नये म्हणून. दिला नाही तर मुका. कोड असल्याशिवाय चाचा स्क्रू ड्रायव्हरला हात लावणार नव्हते. तासभर गाडीची कागदपत्रं उलटीपालटी केली. शेवटी सर्व्हिसिंगच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर पहिल्या मालकाच्या अक्षरात सापडला, पेन्सिलीनं लिहिलेला. देव त्यांचं भलं करो.

दोन्ही बाजूंच्या भोकांत तारेचे आकडे सारले आणि खण ओढावा तसा सेट बाहेर आला. मागे सीडी चेंजरसाठी एक सॉकेट होतं. मला वाटलं, झालं काम. चाचा हसले. त्या सॉकेटला खरोखरचा चेंजर सापडल्याशिवाय सेट ते दार उघडतच नाही. चेंजरचं सोंग आणणारी डबी मिळते, पण या मॉडेलची मिळेल याचा भरवसा नाही.

मग त्यांनी झाकण काढलं. हेडकडून येणारा अगदी क्षीण सिग्नल एका चिपमध्ये मोठा होतो आणि तिथून डाव्या-उजव्या अशा दोन वाटांनी आवाजाच्या कंट्रोलकडे जातो. चाचांनी त्या दोन वाटांवर नख ठेवलं. "इथे तोडायचं. मध्ये जॅक टाकायचा." साधा नाही, आतून पत्ती असलेला: पिन खोचली की कॅसेटची वाट तुटते आणि आयपॉडची जुळते, पिन काढली की कॅसेट पूर्ववत. मी म्हटलं, दोन्ही वाटांवर कपॅसिटर घाला, चिपचा डीसी आयपॉडमध्ये जायला नको. माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं त्यांनी. "टाकणारच होतो," म्हणाले.

एक अडचण उरली. आत कॅसेट असल्याशिवाय सेट कॅसेटचा आवाज सोडतच नाही. कोरी कॅसेट लावून ठेवली तरी टेप फिरणार आणि पुन्हा गुंतणार. चाचा म्हणाले, "टेप काढलेली कॅसेट आहे का घरी?"

आहे की! आईंच्या पर्समध्ये.

पावणेसातला बांग झाली. चाचांनी सोल्डरिंगची गन स्टँडवर ठेवली, खजूर माझ्यापुढे केला, मग स्वतः घेतला. चारशे रुपये झाले.

५ सप्टेंबर, रविवार

रिकामी कॅसेट आत, चक्र मोकळं फिरतंय, खट् नाही. आयपॉड चिरंजीवांच्या टेबलावरून गाडीत आणलेल्या डॉकवर बसवला आणि डॉकच्या मागच्या लाइन-आउटमधून वायर घेतली. इयरफोनच्या भोकातून घेतला तर आवाज आधी आयपॉडमध्ये वाढवला जातो आणि परत सेटमध्ये; लाइन-आउटला ठरलेलीच पातळी असते, कमीजास्त करायचं ते सेटवर. फरक कानाला कळतो. हार्मोनियमचा भाता ऐकू आला.

६ सप्टेंबर, सोमवार

इंजिन चालू करून पाहिलं नव्हतं, हा मूर्खपणा. आज चालू केलं आणि गाण्याच्या मागे एक सूर लागला. उभ्या गाडीत भुंगा, ॲक्सिलरेटर दाबला की डास. अल्टरनेटरचा आवाज. डॉक लायटरच्या चार्जरला जोडलाय, म्हणजे आयपॉडचं अर्थिंग चार्जरमधून बॉडीला जातं आणि ऑडिओच्या वायरमधून सेटच्याही अर्थिंगला. एकाच बॉडीला दोन वाटा. त्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा बारीकसा फरक आवाज होऊन स्पीकरमधून निघतो. उपाय म्हणजे मधे दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर, म्हणजे पुन्हा तपकीर गल्ली. मी जेवताना हे सगळं कागदावर काढून समजावत होते.

आई ताक पिता पिता म्हणाल्या, "मग तो चार्जर काढून ठेव ना."

काढला. सूर गेला. आयपॉडची बॅटरी चौदा तासांची आहे आणि गुहागर आठ तासांचं. बावीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतेय मी.

९ सप्टेंबर, गुरुवार, गुहागर

पहाटे पाचला निघालो. कात्रजचा बोगदा, खंबाटकी, सातारा, मग उंब्रजला डावा-उजवा घोळ घालून पाटण रस्ता. कोयनानगरला वडापाव. कुंभार्ली घाटात धुकं इतकं की बॉनेटपुढचं दिसेना, नवरा गाडी पहिल्या-दुसऱ्यावर चालवत होता आणि रस्ता सोडून कोणी काही बोलत नव्हतं. रेडिओ असता तर इथे नुसती खरखर असती. जटायू घाटाच्या वरच्या वळणावर पडला. चिपळूणला ऊन होतं.

निघताना कॅसेट आईंनीच आत सरकवली होती. नेहमीसारखी, 'अ' बाजू वर करून. त्या बाजूला काही अर्थ नाही हे त्यांना सांगितलं नाही.

११ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

यंदा ईदही आजच. आरतीनंतर नाना पेठेत फोन लावला. चाचा मशिदीतून नुकतेच आले होते. म्हणाले, "बॅटरीला कुणाला हात लावू देऊ नका, परत कोड मागेल." कोड आता पुस्तकाच्या त्याच पानावर पेनानं लिहून ठेवलाय.