छंदाची खोली आवरताना

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या ओपीडीत ठरावीक तक्रारी येतात. माळा साफ करताना धरलेली कंबर, धुळीने उसळलेला दमा, स्टुलावरून पडून मोडलेलं मनगट, खिळा घुसलेला तळवा. यातले बरेच जण घरातली एक विशिष्ट जागा आवरत असतात. कुणाची सुतारकामाची पडवी, कुणाचं रेडिओ दुरुस्तीचं टेबल, कुणाचा रंगांच्या डब्यांनी भरलेला पोटमाळा. वर्षभर तिथे कुणी हात लावत नाही आणि मग एका रविवारी सगळं एकदम बाहेर काढलं जातं.

आमच्या घरीही अशी जागा आहे. माझे वडील, अण्णा, पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मागच्या पडवीत सुतारकाम करतात. आज ते 82 वर्षांचे आहेत. बावीस वर्षांत त्यांनी पाट, पोळपाट, देव्हारे केले आणि पडवीही भरत गेली. फळ्यांचे तुकडे, अर्धे वाळलेले रंग, खिळ्यांचे डबे, पायाखाली वायरी. गेल्या वर्षी माझी बहीण म्हणाली, "दादा, तू डॉक्टर आहेस, तूच सांग त्यांना. हे सगळं भंगारात देऊन टाकू." तिची काळजी खरी होती. अण्णांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, गुडघे दुखतात आणि अंधारलेल्या पडवीत ते एकटे असतात.

मी मात्र दुसरी बाजूही बघत होतो. रोज दोन तास ते उभं राहून काम करतात, वाकतात, मोजतात, बोटांनी बारीक कामं करतात. पडवी बंद झाली की ते दोन तास टीव्हीसमोरच्या खुर्चीत जाणार. या वयात न वापरलेले स्नायू झपाट्याने कमी होतात आणि गेलेली ताकद परत मिळवणं फार अवघड असतं. म्हणून आम्ही ठरवलं की पडवी रिकामी करायची नाही, अण्णांना तिथे काम करत राहता येईल अशी ती लावायची. त्या दोन दिवसांत जी काळजी घेतली, ती तुमच्याही उपयोगाची आहे.

झाडू नका, आधी ओलं करा

कोरडा झाडू मारला की बारीक भुसा आणि धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि श्वासाबरोबर आत जाते. साग आणि शिसव यांच्या भुशाने काहींच्या त्वचेवर पुरळ येतं, काहींना शिंका आणि धाप लागते. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत नोंदवलं आहे. हा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षं रोज त्या धुळीत काम करणाऱ्यांना असतो, छंद म्हणून आठवड्यातून दोनदा करवत चालवणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. पण ओल्या फडक्याने पुसणं आणि एन-95 मास्क घट्ट बसवणं एवढं जरूर करा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर हातमोजे घाला, त्यावर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा आणि मग पुसून घ्या. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. छताला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते घासू नका, कापू नका, त्यांना भोकं पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

लाकडांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी

आमच्या कोकणात हे विशेष सांगावं लागतं. जुन्या फळ्यांच्या सांदीत विंचू असतो. फळी आधी काठीने हलवा, जाड हातमोजे आणि बूट घाला. लाल विंचू चावल्यावर भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड अशी लक्षणं दिसली तर एक मिनिटही घरी घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असे असंख्य रुग्ण वाचले आहेत. पण औषध वेळेत मिळायला रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे.

बाटल्या आणि चिंध्या

पडवीत मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती थंड पेयाच्या बाटलीत भरलेल्या टर्पेंटाइनची. लहान मूल ते पाणी समजून पितं. रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन पोटात गेलं तर उलटी करवू नका, कारण उलटीच्या वेळी ते फुप्फुसात शिरतं आणि खरा घात तिथे होतो. मीठपाणी किंवा दूध पाजत बसू नका. बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर 108 ला फोन करा. अशी द्रव्यं मूळ डब्यातच, नाव लिहून, कुलपात ठेवा. नाव वाचता येत नाही तो डबा ठेवूच नका. गटारात ओतूही नका, घातक कचरा म्हणून वेगळा द्या.

जवसाच्या तेलाने पॉलिश करत असाल तर चिंधीचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता तयार होते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

जखम झालीच तर

टिटॅनस गंजामुळे होतो हा समज आजही पक्का आहे. तो होतो माती, धूळ आणि शेणातल्या जंतूंमुळे. खिळा चकचकीत असला तरी त्यावर माती असू शकते. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा. मळकी किंवा खोल जखम असेल आणि शेवटच्या लसीला पाच वर्षं होऊन गेली असतील, तर बूस्टर घ्या. साध्या, स्वच्छ जखमेसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दाब जास्त वेळ द्यावा लागतो. पंधरा मिनिटांत रक्त थांबलं नाही तर दवाखान्यात या. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मांडणी कशी केली

जड वस्तू कमरेच्या उंचीवर आणल्या, रोजची हत्यारं कमर आणि खांदा यांच्या मधे भिंतीवर टांगली. आता स्टुलावर चढायची गरज उरली नाही. जमिनीवरच्या वायरी काढून बाकाजवळ प्लग घेतला आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. उतारवयात डोळ्यांना जास्त उजेड लागतो, म्हणून बाकावर बाजूने येणारा दिवा लावला. डोक्यामागच्या ट्यूबने स्वतःचीच सावली कामावर पडते.

प्रत्येक वस्तू अण्णांना विचारूनच हलवली. मला बोथट वाटलेली पटाशी त्यांच्या पहिल्या देव्हाऱ्याची होती. ती राहिली. विजेवर चालणाऱ्या गोल करवतीबद्दल मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "अण्णा, तुमची गोळी चालू असताना हिच्यावर बोट गेलं तर मला ते रक्त थांबवणं कठीण जाईल." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच गल्लीतल्या एका तरुण सुताराला बोलावलं, पातं कसं बदलायचं ते दाखवलं आणि ती त्याला देऊन टाकली. रंधा, कानस, हातकरवत अजून त्यांच्याकडेच आहेत.

तुमच्या घरी अशी एखादी खोली असेल, तर घरच्यांनी मालक गावाला गेलेला असताना ती "सरप्राइज" म्हणून आवरू नये. ज्याची खोली आहे त्याला खुर्चीवर बसवा, त्याच्यासमोर तीन ढीग करा: लागतं, दुसऱ्याला देता येईल, टाकायचं. एका दिवसात दोन तासांपेक्षा जास्त काम करू नका, कंबर त्याच वेळेनंतर धरते. आणि खोलीचे मालक तुम्हीच असाल, तर शेवटचा बूस्टर कधी घेतला ते आज शोधून ठेवा. आठवत नसेल तर आवरायला सुरुवात करण्यापूर्वी दवाखान्यात या.